कौसावैनींचा घण

चाँदभाई नालबंद शाळेच्या फाटकाशी उभे आहेत, असं चपराशाने येऊन सांगितलं तेव्हा मी चौथीच्या वर्गाला गणित घालत होतो. चाँदभाई जवळा बाजारचे. बैलांच्या खुरांना नाल ठोकणं हा त्यांचा पिढीजात धंदा, आणि ते नाल घडवून घ्यायला ते वर्षानुवर्षं आमच्याच भट्टीवर येत. हा माणूस आपलं काम सोडून हिंगोलीपर्यंत आला, तेही अठ्ठेचाळीस सालच्या या दिवसांत, जेव्हा रस्त्यावर जागोजागी गाड्या अडवून झडत्या घेतल्या जातात... मी हातातला खडू तसाच घेऊन बाहेर आलो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "मास्तर, घराकडं चला," एवढंच म्हणाले. "दादांना काही झालं का?" मी विचारलं. माझे थोरले भाऊ सखारामदादा एका हाताने अधू, त्यांची छातीही धरलेली, म्हणून माझ्या मनात तेच आलं. चाँदभाईंनी नकारार्थी मान हलवली. "भाबी गेल्या. आज पहाटं. काल दुपारपस्तोर भट्टीवर व्हत्या."

त्यांच्या टांग्यात बसून गावी जाताना काल दुपारपर्यंत भट्टीवर होत्या, हे एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आमचं गाव औंढ्याहून जवळा बाजारला जाताना लागतं. उन्हं कलता कलता पोचलो. माझ्यासाठी थांबले होते. अंगणात कडब्याच्या पेंढीला टेकून दादा बसले होते आणि त्यांच्यापुढे हिरवं लुगडं पांघरलेली वैनी. तीस-एकतीस वर्षांची बाई. पण उघड्या राहिलेल्या मनगटावरच्या शिरा एखाद्या म्हाताऱ्या गड्याच्या हातावर असाव्यात तशा. त्या मनगटांनी चौदा वर्षं घण उचलला होता. मी त्यांच्याविषयी लिहावं असा कुणाचा आग्रह नाही. आमच्या लोहाराच्या घरातल्या बाईविषयी कोण काय वाचणार, असंही वाटून गेलं. पण मी मास्तर झालो तो त्या बाईमुळे, आणि तिच्यावर एक अन्याय झाला, त्यात माझा वाटा आहे. तो कुठेतरी लिहून ठेवला पाहिजे.

आईवडील पटकीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले, तेव्हा दादा विशीत होते आणि मी सोळाचा. दादांनी ऐरण सांभाळली, माझ्याकडे घण आला. लोहारकामात दोन माणसं लागतात. एक बसलेला असतो; त्याच्या डाव्या हातात सांडस, म्हणजे तापलेलं लोखंड धरायचा मोठा चिमटा, आणि उजव्या हातात छोटा हातोडा. तो हातोड्याने लोखंडावर जिथे टिचकी मारील, नेमकं तिथेच उभ्या माणसाने घण हाणायचा. हातोडा लोखंडावर न पडता नुसत्या ऐरणीवर वाजला की थांबायचं. सांगायला हे सोपं आहे. मी वर्षभर घण मारला आणि एकदाही धड मारला नाही. घाव तिरका पडायचा, घणाची कड लोखंडात रुतायची, खांदे सुजायचे. दादा फार रागावत नसत. नुसता तो कड बसलेला फाळ उलटून मला दाखवत, आणि ते मला जास्त लागायचं.

चौतीस-पस्तीसच्या सुमाराला दादांचं लग्न झालं. वैनी सेनगावकडच्या, पुसेगावच्या लोहाराची लेक. नाव कौसा. सोळा वर्षांची, काटकुळी, रंगाने काळी, बोलायला कमी. पहिले तीन दिवस त्या दारात बसून धान्य निवडत आमचं काम पाहत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर खोचून पुढे आल्या. "भाऊजी, ठिवा ते," त्या म्हणाल्या. "तुमी हातानं मारून राहिले."

"मग कशानं मारायचा?" मी विचारलं. मला राग आला होता.

त्यांनी घण उचलला. माझ्या डोळ्यांसमोर ते अजून आहे... घण वर गेला तेव्हा मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो, पण हात हललेच नाहीत. आधी उजव्या पायाची टाच जमिनीवरून सुटली. मग गुडघा आत वळला, मग कंबर ऐरणीच्या दिशेने फिरली, आणि तेवढा वेळ हात मागेच, खांद्यावर घण तोलून वाट पाहत राहिले. कंबर पूर्ण फिरल्यावर ते सुटले. आवाज असा आला की दादांनी चमकून वर पाहिलं. लोखंड लोण्यासारखं पसरलं होतं. त्या धापसुद्धा टाकत नव्हत्या.

पुढे महिनाभर त्यांनी मलाही शिकवायचा प्रयत्न केला. दिराला हात लावून शिकवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. पोतं पाण्यात भिजवून पिळलं, त्याचा पीळ माझ्या हातात दिला आणि तो घणासारखा फिरवायला सांगितला. हात आधी ओढले तर पोतं लिबलिबीत होऊन पाठीवर आदळायचं. कंबर आधी गेली आणि हात मागून आले तर ते सपकन वाजायचं. "हाताला लई घाई असती, भाऊजी," त्या म्हणायच्या. "त्याला थोपवून धरायचं, येवढंच काम हाय. बाकी कंबर करती." माझं पोतं महिन्यातून तीनचारदा वाजलं असेल. मग एके दिवशी जेवताना त्याच दादांना म्हणाल्या, "ह्यांचं चित्त पुस्तकात हाय. सातवी झाले हायेत, उर्दू येती. हिंगोलीला धाडा त्यास्नी. घणाला मी हाय." दादा बराच वेळ भाकरी मोडत राहिले. मी पुढच्या पंधरवड्यात हिंगोलीला गेलो, परीक्षा दिल्या, मास्तर झालो. घरातून कुणाला तरी घणाशी उभं राहावंच लागणार होतं. मी उभा राहिलो नाही, त्या राहिल्या.

सुट्टीत गावी यायचो तेव्हा ओढ्यापाशीच भट्टीचा ठोका ऐकू यायचा. हातोड्याची टिचकी, घणाचा घाव, पुन्हा टिचकी, पुन्हा घाव. मधे कधी खंड नाही. औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत त्यांची विळे-खुरपी दुपारपर्यंत संपायची. पण घरात लेकरू टिकत नव्हतं. पहिली मुलगी दोन महिन्यांची होऊन गेली, दुसरा मुलगा दहा दिवसांचा. दोन्ही वेळा त्या आठव्या महिन्यापर्यंत घणाशी उभ्या होत्या. दुसऱ्या खेपेला मी घरी होतो. काळजीने विचारलं, तर हसून म्हणाल्या, "पोट वाढलं की कंबर उशिरा येती. मंग टाच जरा आधी उचलायची. कळतं अंगाला." मी ते लक्षात ठेवलं. मास्तर माणसाला असल्या गोष्टी लक्षात ठेवायची खोड असते. ते लक्षात ठेवलं नसतं तर बरं झालं असतं...

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नवं लोखंड मिळेनासं झालं. जुन्या गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा, मोडके फाळ, गंजलेल्या कड्या, जे मिळेल ते तापवून जोडायचं. असलं लोखंड चिवट असतं, घाव दुप्पट लागतात. पेरणी तोंडावर आलेली, भट्टीपुढे फाळ घेऊन बसलेल्या लोकांची रांग, आणि वैनींना सातवा महिना. भर दुपारी एका फाळावर काम चालू असताना घण दादांच्या डाव्या हातावर पडला. चार बोटं आणि तळव्याचा निम्मा भाग ऐरणीवर चेंगरला. लोकांनी गाडी जोडून त्यांना हिंगोलीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

मी पोचलो तेव्हा दादा आत खाटेवर डोळे मिटून पडलेले. वैनी बाहेर ओसरीवर, दाराला पाठ लावून. तोंडावरची काजळी तशीच, लुगड्यावर रक्ताचे डाग वाळलेले. मी त्यांच्यासमोर बसलो, आणि जे करू नये ते केलं. त्यांना समजावून सांगायला लागलो. रागावलो नाही, आवाज चढवला नाही. मुलांना धडा सांगतो तसं सांगितलं, की वैनी, सातव्या महिन्यात घण धरायलाच नको होता, पोटात ओझं असलं की अंगाचा तोल पुढे येतो, कंबर फिरायला क्षणभर उशीर होतो आणि हात थांबत नाहीत, तुम्हीच मला सांगितलं होतं. तुमचा दोष नाही, पण चूक झाली ती अशी झाली.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "कंबर बराबर फिरली व्हती, भाऊजी," म्हणाल्या. "घण जिथं जायाचा तिथंच गेला."

"मग दादांचा हात तिथं कसा आला?"

त्यांनी आतल्या खाटेकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, बिचारीला कबूल करवत नाही.

त्यानंतर आठव्या दिवशी त्यांचं तिसरं मूल पोटातच गेलं. बाळंतपण तिथेच दवाखान्याच्या मागच्या खोलीत झालं. गावात परत गेल्यावर बायका त्यांना पाहून वाट बदलायच्या. नवऱ्याचा हात तोडणारी बाई, असं त्यांच्या मागे म्हटलं जायचं आणि कधीकधी पुढ्यातही. आमच्याच भावकीतल्या एका म्हातारीने दादांना दुसरी बायको करायचा सल्ला दिला. दादा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याला लोक सहनशीलता म्हणाले. मीही म्हणालो.

बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी वैनी भट्टीवर उभ्या राहिल्या. घरात खायला नव्हतं आणि दुसरा धंदा येत नव्हता. पण हात गेलेला लोहार आणि नवऱ्याचा हात तोडलेली बाई, यांच्याकडे काम घेऊन कोण येणार? पहिले दोन आठवडे कुणी आलं नाही. मग चाँदभाई आले. पोत्यात मोडकं लोखंड घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून म्हणाले, "भाबी, पन्नास जोड नाल लागतेत. घाई न्हाई." नालाचं काम बारीक असतं, त्यांना ते दुसरीकडेही करून मिळालं असतं. ते दिवसभर तिथेच भाता ओढत बसले, आणि येणारे-जाणारे ते पाहत गेले. पेरण्या आटपल्यावर हळूहळू एकेक माणूस परत येऊ लागला.

त्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा काम कसं चालतं ते पाहिलं. दादांनी सांडस उजव्या हातात घेतली होती, म्हणजे त्यांना उरलेल्या एकुलत्या एका हातात. त्यामुळे हातोडा धरायला कुणी नव्हतं. घाव कुठे घालायचा हे दाखवणारी टिचकी आता नव्हती, थांब म्हणून ऐरणीवर वाजणारा ठोकाही नव्हता. वैनी स्वतःच लोखंडाकडे पाहून ठरवायच्या आणि मारायच्या. दादा तो उरलेला हात घणाखाली धरून बसायचे, मान खाली, डोळे लोखंडावर, आणि त्यांचा तो हात दगडासारखा स्थिर असायचा. मला ते दृश्य फार मोठं वाटलं. क्षमा म्हणजे काय ते पाहा, असं मी माझ्या बायकोला सांगितलं. वर्गातल्या मुलांनाही सांगितलं. ज्या घणाने एक हात नेला, त्याच घणाखाली माणूस दुसरा हात कसा ठेवील, हा साधा प्रश्न मला सहा वर्षं पडला नाही...

नंतर नंतर वैनी घण हातात घेण्याआधी कमरेला जाड फडकं करकचून आवळायला लागल्या. बायकोने एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कंबर ढिली झाली जरा." यंदा संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा दहा-बारा घाव झाले की त्या भिंतीला टेकून उभ्या राहत. ओठ पांढरे पडलेले. "वैनी, दवाखान्यात चला," मी म्हणालो. त्यांनी घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. "टाच उचलती, भाऊजी. पण कंबर येत न्हाई आता, वाट बघावं लागती तिची." मग म्हणाल्या, "येवढं पेरणीपस्तोरचं काम हून जाऊ द्या." मी फार जोर केला नाही. शाळा उघडायची होती, रस्त्यांवर गडबड होती. कारणं काय, शोधली की सापडतात. त्यांना जिवंत पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

चैत्रातल्या त्या दुपारी त्या फाळाचं काम अर्धवट टाकून आत गेल्या आणि घोंगडीवर पडल्या. अंगावरून जाणारं रक्त थांबेना. गावच्या सुईणीला कळून चुकलं, तरी ती पहाटेपर्यंत बसून होती. वैनींना अंघोळ घालणाऱ्या बायकांनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. त्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी घण उचलल्यापासून त्यांचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली येत होतं. सहा वर्षं त्या ते आत ढकलून, वरून फडकं बांधून उभ्या राहत होत्या. त्या फडक्याखालची कातडी सोलून काळी पडली होती. ज्या कमरेने त्या आम्हाला पोसत होत्या तिची ही दशा झाली होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. कदाचित दादांना असेल.

तेरावं झालं. त्या दिवशी माझ्या बायकोने आणि भावकीतल्या बायकांनी घर, ओटा, भट्टीची जागा, सगळं शेणामातीने सारवून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आलो तर दादा भट्टीपाशी जमिनीवर बसून खुरप्याने ओली माती उकरत होते. एका हाताने, सावकाश. मी जवळ जाऊन पाहिलं. ऐरणीसमोर जिथे वैनी उभ्या राहत तिथे चौदा वर्षांत जमीन खाली गेली होती. डाव्या पायाची जागा लांबट आणि उथळ, आणि उजव्या पायाचा चवडा जिथे फिरायचा तिथे वाटीएवढा खोल, गोल, गुळगुळीत खळगा. बायकांनी खड्डा समजून तो बुजवला होता.

"काय करून राहिले, दादा?"

"तिच्या पायाची जागा हाय ही." त्यांनी वर पाहिलं नाही. थोडी माती आणखी काढली. मग म्हणाले, "तिचा घण बराबर आला व्हता."

मला आधी कळलंच नाही.

"त्या दिवशी. फाळ सांडशीत वाकडा बसला म्हनून म्या सांडशीवरचा डावा हात पुढं सरकवून मधी घातला, सरळ करायला. घण वर हाय हे दिसत व्हतं मला. वाटलं, तवर हून जाईल. तिचे हात सुटले व्हते, ती कशी थांबवल? घाई माझी व्हती, नारायण. तिची न्हाई."

मी खाली बसलो. "मंग बोलला काहून न्हाई? गाव तिला काय काय म्हनत राहिलं..."

"तू दवाखान्यात तिला समजून सांगत व्हतास. दाराच्या आत मला समदं ऐकू येत व्हतं." ते थांबले. "शिकलेला मानूस म्हनतो, लोकायला तसंच वाटंल, आसं आलं मनात. म्या डोळे मिटून पडलो. उद्या सांगू, परवा सांगू म्हनलं. मंग लेकरू गेलं. त्याच्यामागं सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

"वैनीला ठावं व्हतं?"

"तिच्या डोळ्याम्होरं झालं ते."

"कधी काही बोलल्या?"

दादांनी खुरपं खाली ठेवलं. "येकदाच. पुन्हा भट्टी पेटवली त्या दिवशी. म्हनली, आता सांडस धरा, आन् हात हलवू नका."

घरात माणसं उठू लागली होती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जिला बोलायचं ती बाई नव्हती, आणि दादांना बोलण्याचा अधिकार मला उरला नव्हता. ओसरीवरचं माझं ते शहाणं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी खुरपं उचललं आणि डाव्या पायाच्या जागेतली माती काढायला लागलो. माती अजून ओली होती, म्हणून निघाली. खाली जुनी जमीन लागली, काळी, पायाखाली दबून दगडासारखी झालेली, तिच्यात लोखंडाच्या बारीक खपल्या रुतलेल्या.

भट्टी आता बंद आहे. चाँदभाई बाजारच्या दिवशी येतात, ओट्यावर बसतात, चहा पिऊन जातात. दादांनी माझ्याकडे हिंगोलीला यायचं नाकारलं. गेल्या रविवारी मी गेलो होतो. घर स्वच्छ होतं, जमीन नुकतीच सारवलेली. घरात बाई नाही, तेव्हा कुणी सारवलं असं शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, दादाच सारवतात, एका हाताने, दर आठ दिवसांनी. ऐरणीपुढे मात्र दोन पावलांची जागा कोरडी होती. तेवढी सोडून हात वळवलेला दिसत होता.